मनाची तयारी

मास्तर कपडे बेतायचे. दुकानात शिवणारे बरेच होते, पण कापडाला पहिली कात्री लागायची ती मास्तरांचीच. दुकान दोघा भावांचं. धाकटा बाहेर गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, मास्तर आत दिवसभर उभे.

चार वर्षांपूर्वी एका साध्या तपासणीत त्यांना ल्युकेमिया निघाला. जुनाट, अगदी सावकाश वाढणारा. रक्ताच्या डॉक्टरीणबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "याला आत्ता औषध नको. अधूनमधून रक्त तपासत राहू. कितीतरी लोक हे घेऊनच म्हातारे होतात." मास्तरांनी हे सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी कामाला गेले. घरच्यांनी फक्त आजाराचं नाव ऐकलं. ते नावही कुणी तोंडातून काढत नसे. "त्यांना ते आहे ना," एवढंच म्हणायचे.

पाय सुजलेत हे आधी बायकोच्या लक्षात आलं. मास्तर संध्याकाळी मोजे काढत होते आणि घोट्याच्या वर करकचून दोरी बांधल्यासारखा वळ उठला होता. तिने अंगठ्याने दाबून पाहिलं. खड्डा पडला, आणि भरून येईना.

"दुखतंय?"

"छे. जड वाटतात जरा. उभं राहून राहून होत असेल."

"आयुष्यभर उभेच राहिलात की. तेव्हा नाही सुजले ते?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

दुसऱ्याच दिवशी धाकटा आपल्या बायकोला घेऊन आला. मास्तरांच्या पायांकडे दोघांनी असं पाहिलं, की मास्तरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "पायावर सूज उतरली म्हणजे..." धाकटी जाऊ म्हणाली आणि पुढचं गिळलं. लेक फोनवरच रडायला लागली. जो तो येऊन जात होता, फळं ठेवत होता, हळू आवाजात बोलत होता.

"लगेच डॉक्टरकडे जाऊ या का?" मास्तरांनी विचारलं.

"रक्ततपासणीची तारीख येईलच की जवळ," बायको म्हणाली. "आधी जाऊन नवीन काय ऐकायचंय?"

खरं तर तेही घाबरले होते. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. सूज वाढून पोटऱ्यांपर्यंत आली. मोठे बूट घेतले, तेही लागायला लागले.

"दादा, तू घरी बस," धाकटा म्हणाला. "दुकानाचं मी बघतो. कापड बेतायला एक कटर ठेवतो तात्पुरता."

"माझा हात अजून थांबलेला नाही रे."

"हाताचं कोण म्हणतंय? वहिनी, तुम्हीच सांगा याला."

वहिनींनी धाकट्याची बाजू घेतली. मास्तर घरी बसले. पायाखाली उशा घेऊन छताकडे बघत दिवस काढायचे, हा त्यांचा नवा धंदा झाला.

अखेर तारीख आली. डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिले आणि आधी रागावल्या. "इतके दिवस थांबलात कशाला? फोन करायचा नाही?" मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आधी एकच पाय सुजला का? गरम, लाल, दुखरा?"

"नाही. दोन्ही एकदमच."

"तरी सगळं बघायला हवं. तुमच्या आजारात पोटात नाहीतर जांघेत गाठी वाढल्या, तर शिरांवर दाब येऊन पाय सुजतात. शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, तिथे तर एक दिवसही दवडायचा नसतो. हृदय थकलं तरी सूज येते, मूत्रपिंडातून प्रथिनं गळायला लागली तरी. आणि ल्युकेमियाशी काही संबंध नसलेली कारणंही असतात. रक्तात एक आजार आहे म्हणून बाकीचं शरीर रजेवर जात नाही."

पायांच्या शिरांची आणि पोटाची सोनोग्राफी झाली, हृदयाची तपासणी झाली, लघवी, रक्त, सगळं झालं. पुढच्या वेळी त्यांनी कागद बाजूला सारले. "गाठी होत्या तेवढ्याच आहेत. गुठळी नाही. हृदय, मूत्रपिंड ठीक. आता गोळ्यांची पिशवी दाखवा बघू."

बायकोने पिशवी टेबलावर उपडी केली. बाईंनी त्यातली एक पट्टी उचलली. "ही रक्तदाबाची. कधीपासून?"

"जुनीच आहे. मध्यंतरी घराजवळच्या डॉक्टरांनी दुप्पट केली."

"आणि सूज?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. "त्यानंतरच," ते म्हणाले.

"या गोळीने पुष्कळांचे पाय सुजतात. डोस वाढला की जास्तच. तुमच्या डॉक्टरांशी बोलते, दुसरी देऊ. मनानेच बंद मात्र करू नका." बाई हसल्या. "घरात कुणी ही पिशवी बघितली नाही?"

कुणीच बघितली नव्हती. सगळे पायच बघत होते.

गोळी बदलली आणि सूज आली तशी मुकाट्याने ओसरली. जुने बूट पायात गेले त्या सकाळी मास्तर कुणाला न सांगता दुकानात गेले. आत एक ठेंगणासा माणूस त्यांच्या टेबलावर कापड पसरून खडूने रेघा मारत होता. टेबल ओळखू येईना. मास्तरांच्या उंचीचं ते टेबल आता त्यांच्या मांडीशी येत होतं. चारही पाय करवतीने कापलेले, कापलेली टोकं अजून पांढरी.

"त्याचा हात पोचत नव्हता, दादा," धाकटा मागून म्हणाला.

"तात्पुरता कटर होता ना?"

"तू असा उभा का? बस ना. बाहेर बसत जा माझ्याजवळ. गिऱ्हाइकांना बरं वाटेल."

"मी बरा झालोय. गोळीची सूज होती ती."

"हो, वहिनी बोलल्या. चांगलंच झालं." धाकटा आवाज खाली आणून म्हणाला, "पण ते रक्तातलं तर आहेच ना? उद्या परत काही निघालं तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

"ते चार वर्षं होतंच की. तेव्हा टेबल नाही कापलंस."

धाकट्याने मान खाली घातली. "आम्ही मनाची तयारी केली होती, दादा. एकदा तशी तयारी झाली की..." त्याला पुढचा शब्द सापडला नाही. मास्तरांनीही शोधून दिला नाही. खणातली आपली कात्री घेतली आणि बाहेर पडले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. भावाला ती दोन शब्द सुनावेल असं त्यांना वाटलं होतं. ती पालक निवडत राहिली.

"तुला तरी आनंद झालाय का गं?"

"झालाय की."

"दिसत नाही."

तिने जुडी खाली ठेवली. "चार वर्षं मी रोज थोडी थोडी विधवा होतेय. पाय सुजले तेव्हा वाटलं, आलं एकदाचं. लेकीकडे कुठली खोली मिळेल, तुमचे कोट कुणाला द्यायचे, सगळं ठरवून झालं होतं माझं. आता एका गोळीपायी झालं म्हणतात. मी लगेच हसू कशी?"

ती खोटं बोलली असती तर बरं, असं त्यांना वाटून गेलं.

महिन्याभरात मास्तरांनी दुसऱ्या बाजारातल्या एका दुकानात काम धरलं. टेबल त्यांच्या उंचीचं होतं आणि आजाराचं कुणाला माहीत नव्हतं. त्यांनीही सांगितलं नाही. धाकटा एकदा येऊन गेला. "लोक मला नावं ठेवतात, दादा," म्हणाला. मास्तर बाही बेतत होते. "ठेवू देत," ते म्हणाले, आणि वर पाहिलं नाही.

रक्त तपासायला आता ते एकटेच जातात. बायको बरोबर येते म्हणाली, तर नको म्हणाले. परवा बाईंनी आकडे पाहिले आणि म्हणाल्या, "उत्तम. काही बदल नाही."

घरी सगळे जमले होते. धाकटा, त्याची बायको, फोनवर लेक.

"काय म्हणाल्या?" बायकोने विचारलं.

मास्तरांनी बूट काढले, जागेवर ठेवले.

"बघू म्हणाल्या," ते म्हणाले, आणि हात धुवायला आत गेले.