इन्होच्या आईचं बोट

मित्रांनो, तुमच्या कपाटातही माझा एखादा धाकटा भाऊ पडलेला असेल. मी एक जुना ऑक्सिमीटर आहे. बोटाला चावतो, पण दुखवत नाही. कारखान्यातून निघालो तो थेट कोरियातल्या कुन्सान शहराच्या या इस्पितळात आलो. शस्त्रक्रियेनंतर माणसं जिथे शुद्धीवर येतात, ती खोली माझं घर झाली. "हा जुना कधी खोटं बोलत नाही," असं तिथल्या ओक नर्स म्हणायच्या, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

एकदा मला मालसून नावाच्या बाईंच्या बोटाला लावलं. त्यांचं पित्ताशय काढलं होतं. भूल उतरवायचं औषधही देऊन झालं होतं.

"मालसूनबाई! अहो, झोपा काढायला आलात का इथं? घ्या मोठा श्वास!" ओक नर्स ओरडल्या.

बाई हलल्या नाहीत. माझा आकडा घसरू लागला. मी जिवाच्या आकांताने वाजत राहिलो. डॉक्टरांनी पुन्हा श्वासाची नळी घालायची तयारी केली.

दाराशी बाईंचे यजमान उभे होते. नर्सनी त्यांना आत ओढलं. "आजोबा, घरी यांना काय हाक मारता?"

"हाक कसली? 'इकडे बघ' म्हणतो."

"पूर्वी काय म्हणायचात?"

आजोबा बायकोकडे बघत म्हणाले, "पोराच्या नावानं. इन्हो आमचा. खेकडे पकडायच्या होडीवर समुद्रात गेला, तो आलाच नाही. तेव्हापासून ते नाव घरात कुणी काढत नाही."

"आज काढा!"

ते बायकोच्या कानाशी वाकले. "इन्होची आई! अगं ए, इन्होची आई!"

बाईंनी खोल श्वास घेतला. माझा आकडा भराभर चढला, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाईंनी डोळे उघडले.

"आला का इन्हो? जेवला का?"

आजोबांनी त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले. "श्वास घे," ते म्हणाले. "आधी श्वास घे."

भूल पुरती उतरली, तसं बाईंना सगळं आठवलं. त्यांचं बोट इतकं थरथरत होतं की मला आकडाच सांगता येईना. एवढं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं. मला काढून ठेवलं, तेव्हा आजोबा विचारत होते, "इन्होची आई, थंडी वाजतेय का?" आणि बाई रडत रडत हो म्हणाल्या.

आता माझं रबर कडक झालंय, वायरीला चिकटपट्टी आहे, आणि मी खणात पडून असतो. मित्रांनो, तुमच्या घरच्या ऑक्सिमीटरला अधूनमधून पुसत जा. आणि घरातल्या माणसांना हाक मारत जा. जी मारायला जीभ रेटत नाही, तीसुद्धा.