हाड काही सुटेना

संशोधक बाईंची डॉक्टरेट बटणाएवढ्या टायटॅनियमच्या चकत्यांवर अडली होती. चकतीवर पेशी वाढवायच्या, त्यांनी हाडासारखा टणक थर धरला की त्यावर ग्लूने एक दांडी चिकटवायची आणि ती यंत्राने ओढायची. थर जितक्या जोराला सुटेल, तितकी हाडाची धातूवरची पकड. गुळगुळीत चकत्यांवरचा थर हात लावताच मान टाकायचा. मार्गदर्शक सरांनी मुद्दाम खडबडीत केलेल्या चकत्या मात्र चांगल्या झुंजायच्या आणि एकजात एकाच आकड्याला सुटायच्या. सर हवेत होते. तसं त्यांना हवेत जायला फारसं निमित्त लागत नसे.

तोंडी परीक्षेच्या सकाळी बाईंनी सुटलेल्या चकत्या सहज भिंगाखाली धरल्या आणि पुन्हा एकेक करून तपासल्या. थर चकतीला घट्ट बिलगून बसला होता. सुटला होता तो ग्लू! म्हणजे इतके महिने मोजली ती ग्लूची ताकद.

त्या धावतच सरांच्या खोलीत शिरल्या. "सर, हाड सुटतच नाहीये. आपला ग्लूच आधी हात टेकतोय."

"काहीतरीच काय! हा ग्लू मी स्वतः निवडलाय. माझा अख्खा प्रबंध याच ग्लूवर..." सर मध्येच थांबले. भिंतीवरच्या आपल्या पदवीकडे त्यांनी चोरून पाहिलं. "परीक्षकांनी विचारलंच, तर मी खोकेन. तुम्ही विषय बदला."

बाहेर येतात तोच आईचा फोन. "काय गं, आवाज असा का?"

"आई, ते हाड फार घट्ट चिकटलंय गं. निघतच नाही."

"मग रडतेस कशाला? चिकटवायचंच होतं ना तुला?"

परीक्षकांनी नेमकं त्याच आकड्यावर बोट ठेवलं. सर असे खोकले, की शिपाई पाणी घेऊन धावला.

बाईंनी मात्र सांगून टाकलं, "हा आकडा ग्लूचा आहे. हाडाची पकड याहून जास्त. किती जास्त, ते मला ठाऊक नाही."

"कुठला ग्लू?"

बाईंनी नाव सांगितलं. परीक्षक उठले, दार लावून आले आणि सरांच्या ग्लासातलं उरलेलं पाणी स्वतःच प्यायले.

"पदवी तुम्हाला दिली," ते हळूच म्हणाले. "'याहून जास्त' हे मात्र ठळक लिहा. आणि बाई, छापायची घाई करू नका हं. आमच्याकडच्या तिघांच्या परीक्षा अजून व्हायच्यात."