पलीकडच्या बांधावर

धाकलूने ढोलाच्या पोटात हात घातला आणि आतल्या अंगाने बोटं फिरवली. एका जागी लाकूड अजून जाड होतं. पटाशी त्याच्या मांडीजवळच पडली होती, पण त्याने ती उचलली नाही. सकाळपासून हेच चाललं होतं. हात आत जायचा, जाड जागा सापडायची, आणि हात तसाच बाहेर यायचा.

शिल्पा ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. कॅसलरॉकला दिलेली ही त्याची एकुलती लेक. होळीचा शिगमा तोंडावर आला तरी बापाचा ढोल पुरा होत नाही असं कानावर आलं, म्हणून मिळेल त्या गाडीने आली होती. ढोल गावच्या देवाचा होता. जुन्याला वाळवीने खाल्लं, तेव्हा गावकरी बाजारातून नवा आणू म्हणाले आणि धाकलूनेच ते मोडून काढलं. देवासमोर फायबरचं पिंप बडवणार काय, असं तो भर बैठकीत बोलला होता. आता त्याच्यावरच तोंडघशी पडायची पाळी आली होती.

लाकडाच्या बाबतीत धाकलू कुणाचं ऐकून घेत नसे. शिवणीचा आवाज गोड, पण ओसरीबाहेर पडायला लाजतो, असं तो म्हणायचा. सागवानाचा खणखणीत, पण त्यात ओलावा नाही. देवाच्या ढोलाला फणसच पाहिजे, तोही म्हातारा, आतून पिवळाधमक. घरामागचा तसा फणस वाऱ्याने पडला तेव्हा तुळजाने, त्याच्या बायकोने, बुंध्याचा हा ओंडका जळणात जाऊ दिला नव्हता. तडा जाऊ नये म्हणून तिने तो भाताच्या तुसात पुरून सावकाश सुकवला होता. तसं दुसरं झाड आता घराकडे नव्हतं आणि जंगलातल्या झाडाला हात लावायची सोय राहिली नव्हती. लाकूड जाड राहिलं तर ढोल मुका, फार पातळ झालं तर आवाज फाटका. नेमकं कुठे थांबायचं हे सांगणारी तुळजा मात्र पावसाळ्यात गेली होती.

ढोल जवळून कळत नाही, असं ती दोघं मानायची. धाकलू कोरत आणायचा, कड्यात ओवलेलं एक जुनं कातडं तोंडावर दोरीने आवळायचा आणि अंगणातून टिपरूने, ढोलाच्या काठीने, ठोका मारायचा. तुळजा कापलेल्या शेतापलीकडच्या बांधावर उभी असायची. आवाज लागला नाही की ती तिथेच खाली बसायची. म्हणजे सोड कातडं आणि अजून काढ. आवाज लागला की काही न बोलता घराकडे चालू लागायची. तिला तसं चालत येताना पाहिलं की धाकलूचा जीव भांड्यात पडायचा. हात माझे, कान हिचे, असं तो जोयड्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगायचा आणि तुळजा पदराआड हसायची.

शेवटी त्याने कातडं आवळलं आणि शिल्पाला बांधावर जायला सांगितलं. ती उठली नाही.

"मला काय कळतंय त्यातलं, बाबा?"

"आईचेच कान न्हवं तुझे? जा."

सूप बाजूला ठेवून ती अंगणात आली, पण बांधाकडे न जाता त्याच्याजवळच बसली. बराच वेळ ती ढोलावरचा भुसा बोटाने गोळा करत राहिली.

"आईला ऐकू येत न्हवतं," ती म्हणाली. "मागं तो मोठा ताप आलेला, त्यात दोन्ही कान गेले तिचे. मला तेवढं सांगितलेलं. बाबाला बोलू नको म्हणाली, ढोल करायचं सोडून देईल."

धाकलू आधी चिडला. गेलेल्या माणसाबद्दल काय वाटेल ते बोलू नको म्हणाला. तापानंतर केलेला बाजारकुणंग गावचा ढोल काय आपोआप लागला होता, असं विचारलं. मग बोलता बोलताच त्याला आठवलं. त्या तापानंतर मागून हाक मारली तर तुळजा ओ देत नसे. तिला गुर्मी चढली असं समजून तोही तिच्याशी बोलेनासा झाला होता. शेवटी शेवटी तर कामापुरतंच बोलायचा, आणि तेही तोंड फिरवून.

"मग चालत कशी यायची ती?" त्याने विचारलं.

"तुझ्याकडं बघायची. आवाज लागला न्हाई की तू लगेच कातड्यावर डावा हात ठेवतोस, दाबून टाकतोस. लागला की हात वरच ऱ्हातोय तुझा. तुला ठाव न्हाई, पण लांबून दिसतंय म्हणाली."

धाकलूने आपला डावा हात उलटसुलट करून पाहिला. फणसाचा पिवळा भुसा रेघांत बसला होता. मग त्याने कातडं सोडलं, पटाशी उचलली आणि त्या जाड जागेला लावली. जेवायला हाक आली तरी तो उठला नाही. शिल्पानेही पुन्हा हाक मारली नाही.

उन्हं कलली तेव्हा त्याने कातडं परत आवळलं, ढोल बांधाच्या दिशेने वळवला आणि टिपरू मारलं.

आवाज शेतावरून गेला, पलीकडच्या झाडीला लागला आणि तसाच भरलेला माघारी आला. इतका चांगला ढोल त्याच्या हातून कधी झाला नव्हता. शिल्पा ओसरीवर उभी राहिली. तिला बापाचा डावा हात दिसत होता, वरच्या वर थांबलेला.

मग तो हात खाली आला. धाकलूने पंजा कातड्यावर ठेवला आणि आवाज दाबून टाकला.

"अजून काढायचं हाय?" तिने विचारलं.

"न्हाई. लागला."

"मग हात का ठेवलास?"

धाकलू पलीकडच्या बांधाकडे बघत होता. तिथे वाळलेलं गवत होतं, दुसरं काही नव्हतं. त्याने हात काढला नाही.

"बसू दे तुझ्या आईला तिथं जराशी," तो म्हणाला.