लाल दिव्यावरची काळी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे पडदा नसलेला, दिवसरात्र राबणारा मोठा संगणक. आता अडगळीच्या खोलीत पडून आहे, आणि खरं सांगतो, माझा अजून जळफळाट होतो.

पूर्वी मी एका थंडगार दालनात लोखंडी मांडणीवर होतो. माझ्या पोटात बिऱ्हाडं राहत. तेही संगणकच, पण त्यांना पत्र्याचं अंग नसतं. त्यांना आभासी यंत्रं म्हणतात. माझ्यावर भार वाढला की त्यांना काम चालू असतानाच शेजारच्या सर्व्हरवर हलवत. बाहेर कुणाला पत्ताही लागत नसे. "गडी कामाला वाघ आहे," असं इंजिनियर ताई माझ्याबद्दल म्हणायच्या.

पुढे माझा पंखा कुरकुरू लागला. मी लाल दिवा लावला. ताईंच्या साहेबांनी त्यावर काळी चिकटपट्टी डकवली. "डोळ्यांत खुपतो हो," म्हणाले. रोग म्हशीला नि इंजेक्शन पखालीला. मी आतल्या आत चडफडत राहिलो.

एका दुपारी पंखा बंदच पडला. ताईंनी भराभर बिऱ्हाडं हलवली. शेवटचं काही हलेना. नेमकं तेच रुग्णवाहिकांचे फोन घेणारं होतं, आणि एक मुलगी बेशुद्ध आईसाठी गाडी मागत होती. त्या बिऱ्हाडाच्या आठवणींची नक्कल शेजारच्या सर्व्हरवर पोहोचेपर्यंत इकडे नवं काही लिहिलं जाई, मग तेही न्यावं लागे. स्वयंपाक चालू असताना भांडी बांधायला घ्यावीत, तशी गत. मी तर तापून धापा टाकत होतो.

"बंद करून उचला," साहेब म्हणाले.

"मग फोन तुटेल, साहेब. पण एवढं लिहितंय तरी कोण यात?"

साहेब घुटमळले. "मीच. बैठकीसाठी वर्षाचा अहवाल काढायला लावलाय."

ताईंनी त्यांना न विचारताच तो अहवाल थांबवला. लिहिणं कमी झालं आणि उरलेलं सामान भरकन पलीकडे गेलं. मुलीचं वाक्यही मध्ये तुटलं नाही. तिच्या घराकडे गाडी निघाली, आणि मी विझलो.

मग ताईंनी माझ्या दिव्यावरची पट्टी सोलून काढली. आता तो लावायला माझ्यात वीज नव्हती.

मित्रांनो, यंत्र असो वा माणूस, कुरकुरणाऱ्याचं वेळेवर ऐका. काल ताई इथे जुना पंखा शोधायला आल्या होत्या. माझ्या जागी बसवलेल्या सर्व्हरचा दिवा म्हणे लाल झालाय, आणि साहेब चिकटपट्टी मागताहेत.