सतरा नंबरची जर्सी

मी बेसबॉलची जर्सी बोलतेय. बेसबॉल म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नसेल. दांडक्याने चेंडू हाणायचा आणि चार कोपऱ्यांना पाय लावत पळायचं, असा अमेरिकेतला खेळ. तिकडे गावोगावी संघ असतात आणि प्रत्येक संघाचा कपडा वेगळा. मी तसलाच एक कपडा. अंग राखाडी लोकरीचं, समोर पाच बटणं, छातीवर गावाच्या नावाची लाल अक्षरं आणि पाठीवर शिवून बसवलेला सतरा आकडा.

माझा पहिला मालक दुधाची गाडी चालवायचा आणि रविवारी खेळायचा. पळताना पडला की आधी माझ्यावरची माती झटकायचा, मग स्वतःचं कोपर बघायचा. खेळ नसला तरी मला घालून बाजारात मिरवायचा. पुढे त्याचं पोट सुटलं. माझी मधली दोन बटणं लागेनात. त्यातच संघाला नव्या, ताणल्या जाणाऱ्या धाग्याच्या जर्स्या आल्या. मग त्याने मला धुतलं, घडी घातली आणि चर्चच्या दानपेटीत टाकलं. टाकण्याआधी माझ्या गळ्यावरून एकदा हात फिरवला. तो हात गरम होता. एवढं लक्षात ठेवा.

बहात्तरच्या दुष्काळात परदेशी कपड्यांचे गठ्ठे आले, त्यातल्या एका गठ्ठ्यातून मी पिंपळगाव राजाला पोचले. शाळेच्या पडवीत वाटप होतं. तुळशीराम नावाच्या माणसाने मला उचललं. तो खामगावच्या सरकी काढायच्या जिनात कामाला होता, पण कापूसच नाही म्हटल्यावर जिन बंद पडलेला, म्हणून रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता.

पहिल्याच दिवशी मला घालून तो कामावर गेला, तर शेजारी खडी फोडणारा रंगराव हातोडा खाली ठेवून म्हणतो, "काय बे तुळश्या, कधी सुटला?"

"कुठून?"

"जेलातून! पाठीवर नंबर हाये ना बे."

"हाव ना. सतरा मुडदे पाडले. अठरावा तू हायस."

सगळे पोट धरून हसले. उपाशी पोटं, पण हसली. तेव्हापासून गावात आमचं नाव 'सतरा नंबर' पडलं. दगडाची भुकटी माझ्या धाग्याधाग्यात बसली, तरी सकाळच्या गारठ्यात तुळशीराम मला छातीशी ओढून घ्यायचा, तेव्हा मला बरं वाटायचं.

पौषात त्याच्या बायकोला, जनकाबाईला, मुलगा झाला. पहिलं लेकरू सव्वा महिन्याचं होऊन गेलं होतं, म्हणून याचं नाव जन्मताच कचरू ठेवलं. ज्याला आपणच कचरा म्हणतो, त्याच्यावर मृत्यूची नजर पडत नाही म्हणे. त्याच्या अंगाला नवं फडकं लावायचं नाही, पाच घरी मागून आणलेलंच लावायचं, हीही रीत. आता दुष्काळात पाच घरी मागून काय मिळणार? विरलेल्या लुगड्याचे, धोतराचे तुकडे. आत हात घातला तर पलीकडून दिसावा.

थंडी मोठी कडक होती. तुळशीरामने मला अंगातून काढलं आणि लेकराभोवती गुंडाळलं. "हे बी मांगूनच आनलेलं हाये," तो म्हणाला. "साता समुद्रापल्याडून मांगलं."

कचरू रडायचा थांबला. त्याचे पाय माझ्या बाहीत होते. गारगोटीसारखे गार पाय, हळूहळू ऊन झाले. जनकाबाई बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा झोपली. अधूनमधून दचकून उठायची, त्याच्या नाकाखाली बोट धरायची आणि श्वास लागला की परत आडवी व्हायची.

दुसऱ्या दिवशी शेजारची सत्यभामाबाई बाळ बघायला आली. मला चिमटीत धरून म्हणाली, "काय व जनका, हा कपडा कोनाचा? जित्ता मानूस इतका चांगला कपडा काऊन देईन? मेलेल्याचा असंन व." आणि चुलीवर भाकर आहे म्हणून निघूनही गेली.

"तिच्या तोंडाले हाड नाही," सासू, सोजराबाई, म्हणाली. "तू राहू दे. लेकरू निजलं हाये गरम."

पण जनकाबाईच्या मनात ते रुतलं ते रुतलंच. तिने माझी बटणं सोडली. "एक डाव उकळून घेतो आत्याबाई, मंग घालतो."

टँकरचं जपून ठेवलेलं प्यायचं पाणी तिने चुलीवर चढवलं. त्यात कडुनिंबाचा पाला टाकला, पापडखार टाकला. ही कपाशीची माणसं. सुताचा कपडा जितका उकळाल तितका उजळतो, हे त्यांना आईच्या पोटातून ठाऊक. लोकरीचं त्यांना कोण सांगणार? मी आक्रसत गेले, जाड होत गेले. काठीने वर काढलं तेव्हा मी निम्मी उरले होते.

"व माय!" सोजराबाई म्हणाली. "हे त लेकराच्या मापाची झाली."

जनकाबाईचा चेहरा उजळला. "मोठ्या मानसाचं होतं ते निंघून गेलं," ती म्हणाली.

तिने मला बाभळीच्या कुंपणावर टाकलं. आभाळ आलेलं. जाड झालेली लोकर पाणी सोडीना. दोन दिवस मी टपकत होते आणि समोरच्या दारातून, त्या पाच घरच्या चिंध्यांमधून, कचरूचं रडणं ऐकत होते. जनकाबाई घडोघडी यायची, माझी बाही पिळून बघायची. "अजून वलीच." दुसऱ्या दिवशी ते रडणं बारीक झालं. तिसऱ्या दिवशी मी वाळले, पण तोवर त्याची छाती भात्यासारखी उडत होती. तिने मला धावत नेलं, त्याला घातलं, पाचही बटणं लावली. अगदी मापात बसले मी.

खामगावच्या दवाखान्याची वाट अर्धी झाली असेल, तोच बटणांखालची धडधड थांबली. एसटीतून उतरवून देतील या भीतीने जनकाबाई त्याला तसंच थोपटत बसली, खामगाव येईस्तोवर.

मातीला द्यायच्या आधी मला काढून घेतलं. तुळशीराम मला नदीत टाकायला निघाला होता. तिने मला पेटीच्या तळाशी लपवलं. त्या लेकराने आपल्या मापाचा घातलेला तेवढाच एक कपडा होता.

तीन वर्षं मी अंधारात होते. आज सकाळी पेटी उघडली. पौषच आहे, आणि घरात बारा दिवसांची मुलगी आहे. जनकाबाईने मला तिच्या गालाला लावलं. पोर रडायची थांबली. माझी लोकर जराशी कसरीने खाल्लीय, पण ऊब अजून आहे.

पण जनकाबाईचा हात मागे आला. ती उठली. चुलीवर पातेलं चढलं.

"आता काऊन व?" सोजराबाईने विचारलं. "एकदा उकळली ना."

"एकदाच उकळली होती आत्याबाई. म्हनूनच गेला तो. मेलेल्याचं पुरं निंघालं नाही तिच्यातलं. आता तीन डाव उकळतो."

सोजराबाईने मुलीला परत चिंध्यांत गुंडाळलं. मुलगी परत रडायला लागलीय. पाण्याला आधण येतंय. कडुनिंबाचा पाला आणायला जनकाबाई बाहेर गेलीय. मला तोंड नाही. तुम्हाला आहे. तिच्या दाराशी जा हो कुणीतरी. म्हणावं, बाई, पातेलं उतरव. पोरीला आत्ताच्या आत्ता घाल. मला देणारा तो माणूस मेला नव्हता. त्याचं पोट सुटलं होतं, एवढंच.