खाणीमागची रिकामी जागा

"दोन जाईच्या गं कळ्या, एक माझ्या ओंजळीत..."

केस विंचरताना आई एवढंच गुणगुणायची. ओळ ओंजळीपाशी आली की कंगवा थांबायचा. पुढची ओळ कधी आलीच नाही.

"आणि दुसरी कळी, आई?"

"वाऱ्यानं नेली. मान सरळ ठेव, भांग वाकडा होतोय."

त्या भांगात आता पांढरे केस दिसू लागले होते आणि मुलगी नगरपालिकेच्या नकाशा विभागात होती. सगळे तिला नकाशाताई म्हणत. तिच्या संगणकात अख्खं शहर थरांथरांनी निजलेलं असे. तळाशी जमिनीचा चढउतार, त्यावर गटारं, नळवाहिन्या, मग रस्ते, घरं, दिव्यांचे खांब. अंथरुणं घालावीत-काढावीत तसे ती थर पसरायची, गुंडाळायची. कुणाच्या उंबऱ्यात पाणी का शिरतं, कुठल्या गल्लीत बंब वळत नाही, सगळं तिला बसल्या जागी कळे. नकाशात असलेल्याला नळ मिळे, दिवा मिळे. नकाशात नसलेला मात्र शहरात असून नसल्यासारखा.

त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "आई, सांडपाण्याच्या पंपघराची जागा ठरली बरं का एकदाची. जुन्या खाणीमागं. उद्या खोदाईचं मशीन लागतंय."

आईचा घास हातातच राहिला. "ती जागा कुणाची?"

"कुणाचीच नाही. रिकामी आहे."

"रिकामी कुणी म्हटलं?"

"मीच म्हटलं. मीच तर रंगवली नकाशात. लोकांच्या हरकतीही मागवल्या होत्या, एक आली नाही."

आईनं ताटावर झाकण ठेवलं. "भूक मेली गं," म्हणाली आणि उठली.

सकाळी आई घरात नव्हती. दाराशी चपला नव्हत्या. भाजी आणायला गेली असेल, असं म्हणत मुलगी कचेरीत पोचली, तोच मुकादमाचा फोन.

"नकाशाताई, तुमच्या मातोश्रींनी आमचं मशीन जप्त केलंय. या लवकर."

खाणीमागं गुडघाभर गवत होतं. रस्त्याकडच्या टोकानं मशीननं जमीन उकरत आणली होती, ओल्या मातीचा ढीग वाफाळत होता. दुसऱ्या टोकाला, पडक्या भिंतीशी, आई शाल गुंडाळून बसली होती. समोर मशीनचा दात जमिनीवर टेकलेला. चालक खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभा.

"मावशी, जरा वेळ उठा की. मी खणून घेतो, मग निवांत बसा परत."

"बाबा, सकाळचं काही खाल्लंस का?" आईनं विचारलं.

"घ्या! माझी काळजी करताय आणि माझाच रोज बुडवताय."

मुलगी आईजवळ वाकली. "आई, चल घरी. लोक बघतायत."

"बघू देत."

"काय आहे इथं? सांग तरी."

आईनं ओठ मिटले, तोंडात पाणी धरावं तसे. तिचा तळहात मात्र शेजारच्या गवतावर फिरत राहिला, हळूहळू, थोपटल्यासारखा.

मुलीनं साहेबांना फोन लावला.

"तुमच्या आईंचा मान आहेच हो," साहेब म्हणाले, "पण मानापायी पंपघर सरकत नसतं. खालच्या वस्तीत लोकांच्या मोऱ्या उलट्या वाहतायत. नकाशावर काही दाखवा, मी सरकवतो. काय आहे तिथं? विहीर? जुनी वाहिनी?"

"काही नाही साहेब. रिकामी आहे."

"मग आता मी काय करू? जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबवतो. नंतर हात जोडून उठवा, नाहीतर पोलीस बायका बोलावून उचलावं लागेल."

जे समजत नाही त्याची आधी खूण करून ठेवायची, ही तिची कामाची सवय. तिनं हातातल्या जागा टिपायच्या यंत्रावर आई बसली होती तिथला बिंदू घेतला आणि कचेरीत परतली. बिंदू नकाशावर टाकला. सपाट राखाडी जमीन आणि तिच्यावर एकटा लाल ठिपका. आई.

बराच वेळ ती त्या सपाटीकडे बघत राहिली. इतकी सपाट? खाणीमागची जमीन? तिथं चालताना तर तिचा पाय दोनदा मुरगळला होता.

मग तिला गाळणी आठवली. ड्रोननं टिपलेला चढउतार जसाच्या तसा कुणी वापरत नाही. त्यात गवताचे पुंजके येतात, वाळूचे ढिगारे येतात, ऊन खात बसलेलं कुत्रंही येतं. म्हणून ठरावीक मापाहून लहान असेल ते सगळं गाळून टाकायचं. दाणे पाखडताना फोलपट उडवावं तसं. तिनं सगळ्या शहराचं असंच केलं होतं. खाणीमागचंही केलं होतं, चहा पिता पिता.

तिनं न गाळलेला थर उघडला. पडद्यावरच्या जमिनीवर उजेड तिरका पाडला.

जमीन शहारली. उंचवटे वर आले. एक, शेजारी दुसरा, मग ओळच, ओळीमागं ओळ. हातभर लांबीचे, सगळ्यांची डोकी एका दिशेला. गवत असं रांगेत उगवत नाही. मोठ्या माणसांच्या मापाचे असते तर गाळणीत अडले असते. लहान होते, म्हणून गळून गेले.

भिंतीकडच्या ओळीत एका उंचवट्यावर लाल ठिपका नेमका बसला होता. आणि आज सकाळी उकरलेला पट्टा पहिल्या ओळींवरून गेला होता.

छापलेला कागद घेऊन ती परत पोचली तेव्हा चालक मशीनच्या पायरीवर डबा खात होता. त्यानं कागद पाहिला, मग ढिगाकडं पाहिलं. त्याचा घास तोंडातच थांबला.

"ताई, मातीत मला काही दिसलं नाही. शपथ घेतो. काहीच दिसलं नाही."

"दिसण्याएवढं काय उरतंय त्यात," मुकादम पुटपुटला आणि पाठ फिरवून उभा राहिला. चालकानं डबा बंद केला. मशीनची किल्ली काढून खिशात टाकली. पण त्या ढिगाचं काय करायचं, ते कुणालाच सुचेना.

मुलगी आईसमोर गवतात बसली आणि कागद पसरला. आईनं वाकून पाहिलं. बोट एकेका उंचवट्यावरून सरकलं, दारोदारची माणसं ओळखत जावं तसं.

"हे तुझ्या संगणकाला दिसतं?"

"दिसत होतं, आई. मी पुसलं."

"मीही," आई म्हणाली.

वारा आला, कागदाचा कोपरा फडफडला. आईनं त्यावर हात ठेवला.

"तापाची साथ आली होती. घरोघरची तान्ही इथं आणली. सासूबाई म्हणाल्या, रडू नकोस, तिचं नाव काढू नकोस. काढशील तर पुढचं टिकायचं नाही. मग तू पोटात राहिलीस. तुझ्या पायात काटा रुतला तरी मला वाटायचं, मी झोपेत बोलले की काय." तिनं उकरलेल्या पट्ट्याकडं पाहिलं. "त्या बायकाही अशाच गप्प राहिल्या असतील. त्यांच्याही घरात पुढची पोरं होती. तुझ्याकडं हरकत कोण नोंदवणार होतं गं?"

आईनं मुलीच्या कपाळावर आलेले केस मागं सारले, लहानपणी सारायची तसे.

"दुसरी कळी वाऱ्यानं नाही नेली," ती म्हणाली. मुकादमाला, चालकाला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "एक ठेविली झाकून, खाणीमागल्या मातीत. तुझी थोरली बहीण आहे इथं. ठुमकी म्हणायचे मी तिला. उभीसुद्धा राहत नव्हती अजून, पण काखेत धरलं की पाय नाचवायची."