हिरव्या पट्टीवरून भांडण

देशभरच्या शाळांचा नवा अभ्यासक्रम ज्या खोलीत ठरत होता, तिथे एक लांबलचक टेबल होतं. टेबलाची लांबी म्हणजे दुसरीचं एक वर्ष. ज्या धड्याला जितके तास, तितकी लांब त्याची कागदी पट्टी. सगळ्या विषयांच्या पट्ट्या एका रांगेत मांडायच्या आणि टेबलाबाहेर लोंबेल तेवढं कुठून तरी कापायचं.

गणिताच्या गुरुजींसमोर एक हिरवी पट्टी होती. वीत, मूठ आणि पावलांनी मोजायचा धडा. तो त्यांच्या बायकोने लिहिलेला. ती दुसरीला शिकवायची, या समितीत गुरुजींच्या शेजारीच बसायची आणि घरचं भांडण इथे पुरं करायची. गेल्या वर्षी ती गेली. धडा राहावा, एवढंच आता गुरुजींचं मागणं होतं.

आज पट्ट्या चांगल्याच लोंबत होत्या.

"माझं गांडूळ काढा," विज्ञानाचे चंबूराव म्हणाले.

"नद्या तिसरीत वाहतील," नकाशेवाल्यांनी कात्री चालवली.

भाषेच्या अध्यक्षबाईंनी तर आपली लाडकी कविता मुकाट्याने उचलली.

गुरुजी आधी खूश झाले, मग चपापले. याच गांडुळासाठी चंबूराव मागे दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते! आज सगळे आपलं आपलं कापत होते आणि हिरव्या पट्टीजवळ आलेली कात्री वळसा घालून जात होती.

"चंबूराव, हा धडा तुम्हाला पटतो का?"

"छान आहे की. वहिनींचा आहे."

"ते माहीत आहे मला. पटतो का?"

चंबूराव खिडकीबाहेर बघू लागले.

"अहो, तिच्यासमोर असं गप्प बसला असतात, तर तिने डॉक्टर बोलावला असता," गुरुजी म्हणाले. "दयेवर ठेवलेला धडा पोरांना कोण शिकवणार? शिक्षक पानं उलटून पुढे जातील. भांडा माझ्याशी!"

मग चंबूरावांनी चष्मा काढला.

"भांडू? मग ऐका. हा धडा गणितात आहे, हेच मुळात चूक आहे! मुठीने धान्य मोजणं, ओंजळीने पाणी मोजणं, हा प्रयोग आहे. माझा आहे. पाच वर्षं तुम्ही दाबून बसलात!"

"आणि पावलं?" नकाशेवाले उठलेच. "पावलांनी अंगण मोजलं की पोराचा पहिला नकाशा होतो. पावलं माझी!"

"कुणाचं पाऊल मोठं यावर पोरं तावातावाने बोलतील, ते बोलणं माझ्याकडे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हावरेपणा नाही, हक्क आहे."

"वा रे वा! दिवसाढवळ्या दरोडा!" गुरुजी ओरडले. किती दिवसांनी त्यांचा आवाज असा चढला होता.

तासभर जुंपली. चहा निवला, दुसरा मागवला, तोही निवला. शेवटी मुठी विज्ञानात गेल्या, पावलं नकाशात, बोलणं भाषेत, म्हणजे तिथे आधीच असलेल्या तासांत. टेबलावर हिरव्या पट्टीचं काम उरलं नाही. ती उचलली तशी गांडुळाला जागा झाली, कवितेलाही.

गुरुजींनी पट्टी हातात धरली. धडा राहिला नव्हता. आणि सगळीकडे होता.

"गुरुजी," अध्यक्षबाई हळू म्हणाल्या, "तुमच्याकडे काहीच उरलं नाही हो."

गुरुजींनी टेबलावर वीत टेकवली.

"उरलं की. एकच बाक, पण एका पोराच्या पाच विती भरतात आणि शेजारच्या पोरीच्या सहा. मग खरं कुणाचं? ते भांडण गणितात राहू द्या. त्याला अर्धा तास पुरे."

"अर्ध्या तासात भांडण?" चंबूराव म्हणाले. "वहिनींनी एक मागितला असता."

"दीड," गुरुजी म्हणाले आणि कात्री घेऊन आपल्या बेरजांच्या पट्टीतून दीड तास कापू लागले.